कुत्रा हरवला तर पहिल्यांदा जवळपासच शोधा

दिवाळीत किंवा मारबतीच्या मिरवणुकीत आवाजाने घाबरून पळालेला कुत्रा बरेचदा लांब जातच नाही, जवळच कुठंतरी दबून बसतो, म्हणून आधी आपल्याच गल्लीतल्या गाड्यांखाली, नालीत, जिन्याखाली, बांधकाम चालू असलेल्या घरात टॉर्च मारून बघा. मे महिन्यात तर दुपारी तो सावली अन् पाण्याजवळच असणार, तेव्हा पहाटे अन् रात्री शांत असताना फिरा. दिसला की मागे धावू नका प्लीज, घाबरलेला कुत्रा मालकापासूनही पळतो, खाली बसा, नजर बाजूला ठेवा, हळू आवाजात नाव घ्या, खाऊ टाका. चहाटपरीवाले, दूधवाले, गल्लीतले पोट्टे यांना फोटो दाखवा, यांनाच सगळं दिसतं. तुमचा वापरलेला टी-शर्ट अन् पाणी गेटजवळ ठेवा.

पट्ट्यावर फोन नंबर आजच लिहून घ्या. मायक्रोचिप (डॉक्टर कातडीखाली बसवतात ती बारीक चिप) पण बसवा, पण ती जीपीएस नाही बरं का, त्यात फक्त १५ अंकी नंबर असतो, तो स्कॅनरनेच वाचता येतो अन् तुमचा मोबाईल रजिस्टर केला असेल तरच कामाचा. फटाक्यांच्या दिवसांत संध्याकाळच्या आधीच फिरवून आणा, तेही हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) घालून, कारण सैल पट्ट्यातून मान सुटायला वेळ लागत नाही.