टीव्हीसाठी डॉक्युमेंटरी करायचीय आणि पुढे शिकवायचंय पण?

पुण्याच्या एफटीआयआयमध्ये (सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट) टीव्हीचे एक वर्षाचे कोर्स आहेत, डिरेक्शन, कॅमेरा, एडिटिंग, साऊंड, तिथे ट्राय करा नाहीतर कुणाकडे असिस्टंट म्हणून चिकटा. लगेच कॅमेरा घ्यायला धावू नका (सगळे तेच करतात), ज्यांच्यावर फिल्म आहे त्या माणसांना दोन-तीनदा कॅमेऱ्याशिवाय भेटा, मग छोटं प्रपोजल आणि बजेट, आणि त्यात जुन्या फुटेजचे, म्युझिकच्या हक्कांचा खर्च धरायला विसरलात तर मेलात, पैसे तिथेच संपतात. प्रत्येक लोकेशनवर ३० सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा (कट जोडताना खाली घालायला), एडिटर दुवा देईल. फिल्म मिफला (डॉक्युमेंटरी-शॉर्ट फिल्मचा आंतरराष्ट्रीय महोत्सव) पाठवा, मुंबईत १९९० पासून भरतो. कॉलेजात पर्मनंट शिकवायचं तर मास्टर्स आणि नेट-सेट (प्राध्यापकीसाठीच्या पात्रता परीक्षा) किंवा पीएचडी बघतात, गेस्ट लेक्चर मात्र कामाच्या अनुभवावर पण मिळतात. फसलेलं शूटिंग डिलीट करू नका, वर्गात दाखवायला तेच लागतं.