एक्स्चेंज सेमिस्टरसाठी सायन्सचे कोर्स निवडताय? या चुका टाळा

एप्रिल-मे आला की माझ्या फोनवर एक मेसेज हमखास येतो. "ताई, माझं एक्स्चेंज (परदेशी विद्यापीठात एक सेमिस्टर) झालं! उद्या कोर्स टाकायची शेवटची तारीख आहे, जरा बघतेस का?" सोबत चार-पाच कोर्सच्या नावांचा स्क्रीनशॉट. यंदाचा मेसेज मुलुंडच्या एका मुलीचा होता, जूनपासून टीवायला (बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला) जाणारी. यादीतली नावं झकास होती. फक्त त्यातले दोन कोर्स एकाच वेळी भरत होते, तिसरा ती परत आल्यावर सुरू होणार होता आणि चौथा एमएस्सीच्या मुलांचा होता. म्हणजे हातात जेमतेम एक.

मीही टीवायला स्वीडनमध्ये एक सेमिस्टर काढून आले आहे आणि खाली लिहिलेल्या बऱ्याच चुका माझ्या स्वतःच्या खात्यावर जमा आहेत. दर वर्षी वेगवेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

कोर्स आधी, कॅलेंडर नंतर

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. आपलं पाचवं सेमिस्टर जूनच्या पावसात सुरू होतं, ऑक्टोबर-नोव्हेंबरात परीक्षा आणि लगेच सहावं. स्वीडनमधलं ऑटम सेमिस्टर ऑगस्टच्या शेवटी सुरू होऊन थेट जानेवारीच्या मध्यापर्यंत चालतं. जर्मनीत हिवाळी सेमिस्टरची लेक्चर्स ऑक्टोबरात सुरू होतात आणि फेब्रुवारीपर्यंत जातात; परीक्षा त्यानंतर. म्हणजे तुम्ही तिथे पेपर लिहीत असता तेव्हा इथे सहाव्या सेमिस्टरची निम्मी प्रॅक्टिकल्स उरकलेली असतात आणि वर्गातली पोरं जर्नल सर्टिफाय करून घ्यायच्या रांगेत उभी असतात. जॅम (आयआयटीत एमएस्सीला जाण्यासाठीची प्रवेश परीक्षा) देणार असाल तर तीही फेब्रुवारीतच असते, आणि तिच्यासाठी जर्मनीहून दोन दिवसांची रजा घेऊन येणं म्हणजे तिकिटाचा खर्च ऐकूनच घरी चक्कर येईल.

ब्रिटनमध्ये वेगळीच गंमत आहे. सप्टेंबरात सुरू झालेल्या सेमिस्टरची परीक्षा बऱ्याच विद्यापीठांत ख्रिसमसच्या सुट्टीनंतर, जानेवारीत होते. आपण डिसेंबरचं परतीचं तिकीट काढून बसलेले. काही विभाग फक्त एका सेमिस्टरसाठी आलेल्या मुलांना त्याऐवजी डिसेंबरातच असाइनमेंट देतात, काही देत नाहीत. कोर्स टाकायच्या आधी एक ईमेल करून विचारायचं, एवढंच.

मला विचाराल तर मुंबईच्या वेळापत्रकाला सगळ्यात बरं बसतं ते सिंगापूर. ऑगस्टात सुरू, डिसेंबरच्या सुरुवातीला मोकळे. पण युरोप ठरलंच असेल तर आधी एचओडींकडे (विभागप्रमुखांकडे) जाऊन विचारा की सहाव्या सेमिस्टरला महिनाभर उशिरा आलं तर प्रॅक्टिकल्स कशी भरून द्यायची. हे उत्तर मिळेपर्यंत कोर्सची वेबसाइट उघडूच नका.

नाव वाचून कोर्स घेणं

आता माझी फजिती. मी घेतलेल्या कोर्सचं नाव साधं होतं, इकॉलॉजी. इथे एसवायला इकॉलॉजीत मार्क चांगले होते, खाडीवरच्या खारफुटीत क्वाड्राट (मोजणीसाठीची चौकट) टाकून खेकड्यांची बिळं मोजली होती. म्हटलं, हा तर घरचा विषय.

पहिल्याच दिवशी बाईंनी सांगितलं, गुरुवारपर्यंत लॅपटॉपवर 'आर' टाकून या. मला आधी कळलंच नाही की 'आर' हे प्रोग्रॅमिंगच्या भाषेचं नाव आहे. इथे आपण काय-स्क्वेअर ही संख्याशास्त्राची चाचणी कॅल्क्युलेटरवर काढून जर्नलमध्ये उतरवलेली. खाली इथल्या बाईंची सही झाली की विषय संपला. तिथे गुरुवारी शंभरेक झाडांच्या नोंदींची फाइल हातात दिली आणि ग्राफ काढा म्हणाले. मी टाइप केलं की लाल ओळ यायची, 'ऑब्जेक्ट नॉट फाउंड'. पुन्हा टाइप केलं, पुन्हा तेच. पाऊण तासाने शेजारच्या मुलाने वाकून बघितलं आणि एक अक्षर बदललं. फाइलमध्ये रकान्याच्या नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल होतं, मी स्मॉल टाकत होते. 'आर'ला तो फरक कळतो, मला तेव्हा माहीत नव्हता. पुढचे तीन आठवडे मी इकॉलॉजी कमी आणि कॉमा-कंस जास्त शिकले.

चीड आणणारी गोष्ट ही की सगळं लिहिलेलं होतं. कोर्सच्या अधिकृत कागदात, ज्याला स्वीडनमध्ये कुर्सप्लान म्हणतात, 'आर वापरून डेटाचं विश्लेषण' अशी सरळ ओळ होती. मी वरचा आकर्षक परिच्छेद वाचून पान बंद केलं होतं. जर्मनीत याच कामाचा कागद म्हणजे मोड्युलहांडबुख, शंभर-दोनशे पानांचा पीडीएफ. कंटाळवाणा असतो, तरी वाचा. त्यात बघायचं काय? पूर्वअटी, परीक्षेची पद्धत आणि पुस्तकांची यादी. पुस्तकांची यादी सगळ्यात खरं बोलते. त्यातलं पुस्तक लायब्ररीतून काढा, तिसरा-चौथा धडा उघडा. वाचता येतोय का? मग कोर्स घ्या.

वर्षाच्या आकड्यावरही विसंबू नका. तिथली मुलं पहिल्या दिवसापासून एकच विषय खोल शिकत आलेली असतात. त्यामुळे जर्मनीत दुसऱ्या वर्षाच्या 'थिऑरेटिकल मेकॅनिक्स'मध्ये लॅग्रांजियनसारखं वरच्या पातळीचं गणित समोर आलं तर दचकू नका. उलटही होतं: नाव भारदस्त आणि आत आपल्या एफवायचा पोर्शन. आणि इंग्लंडमध्ये 'लेव्हल ४' दिसलं तर चौथं वर्ष समजून घाबरू नका. तिथे सहसा पदवीचं पहिलं वर्षच लेव्हल ४ असतं.

क्रेडिटचा आकड्याला आकडा

"आपले सेमिस्टरला २२ क्रेडिट, तिथे मी साडेबावीस घेतले, म्हणजे झालंच की." नाही झालं. युरोपातलं इसीटीएस क्रेडिट वेगळ्या मापाचं आहे. तिथे सेमिस्टरला ३० धरतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तास, त्यात घरी बसून केलेला अभ्यासही आला. आपल्याकडे एक क्रेडिट म्हणजे १५ तास वर्गात किंवा ३० तास प्रॅक्टिकल. साडेबावीस इसीटीएस म्हणजे पाऊण सेमिस्टर. उरलेलं पाव इथे आल्यावर केटीसारखं (राहिलेल्या पेपरसारखं) मागे लागतं. ब्रिटनमध्ये पूर्ण सेमिस्टर ६० चं, म्हणजे इसीटीएसच्या दुप्पट. सिंगापूरच्या नॅशनल युनिव्हर्सिटीत एक कोर्स साधारण ४ युनिटचा (तिथलं क्रेडिट) आणि मुलं पाच घेतात. आकडे दिसायला वेगळे, ओझं जवळपास तेच.

आणखी एक गैरसमज: एबीसी आयडी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे क्रेडिट जमा करायचं आपलं ऑनलाइन खातं) आहे म्हणून परदेशातले क्रेडिट आपोआप खात्यात पडतील. तिथलं विद्यापीठ तुमच्या एबीसीत काही टाकत नाही. आपल्या कॉलेजने आधी ते मान्य करायचे आणि मग चढवायचे.

वेळापत्रकाची रचना न बघणं

आपल्याकडे सगळे पेपर जूनपासून समांतर चालतात, तसंच तिथे असेल असं आपण धरून चालतो. कोपनहेगन विद्यापीठाच्या विज्ञान शाखेत वर्षाचे ४ ब्लॉक असतात, प्रत्येकी ९ आठवड्यांचे. एका ब्लॉकमध्ये साधारण साडेसात क्रेडिटचे दोन कोर्स. प्रत्येक कोर्सला वेळापत्रकाचा गट असतो, ए ते डी. एकाच ब्लॉकमधले दोन कोर्स एकाच गटात असले तर ते आपटणारच. स्वीडनमध्ये पूर्णवेळ चालणारा साडेसात क्रेडिटचा कोर्स पाच आठवड्यांत संपतो. व्हिसा उशिरा आला म्हणून दोन आठवडे गेले, तर इथे दोन लेक्चर बुडल्यासारखं वाटतं. तिथे जवळपास निम्मा कोर्स गेलेला असतो. म्हणून पहिल्या पाच आठवड्यांत आपल्या मेजरचा (मुख्य विषयाचा), कॉलेजला हवाच असलेला कोर्स ठेवू नका. ओपन इलेक्टिव्हमध्ये (मुख्य विषयाबाहेरच्या ऐच्छिक पेपरात) बसेल असं काहीतरी ठेवा.

लॅब म्हणजे फक्त लॅब नव्हे

लॅबच्या कोर्सला जागा मोजक्या असतात आणि आधी त्यांच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांना मिळतात. त्यामुळे यादीत लॅबचे तीन कोर्स टाकाल तर एखादा मिळेल, आणि तीनही मिळाले तर त्याहून वाईट. लॅबचा एक दिवस म्हणजे रिपोर्टचे दोन. एम (उद्देश), अपॅरेटस, प्रोसीजर, ऑब्झर्वेशन टेबल, रिझल्ट असा आपला साचा तिथे चालत नाही. उत्तर चुकलं तरी का चुकलं असावं यावर दोन पानं लिहायची असतात. आणि आधीच्या बॅचचं जर्नल समोर ठेवून रीडिंग 'जमवायची' जी कला आपण सगळे एफवायला शिकतो, ती विमानतळावरच सोडा. तिथे ती थेट शिस्तभंगाच्या समितीपुढे नेते. पहिल्या दिवशीचं सेफ्टीचं सत्र चुकवलं तर अनेक ठिकाणी लॅबमध्ये पाऊलही ठेवू देत नाहीत.

पण खरी डोकेदुखी परत आल्यावर सुरू होते. आपल्या मार्कशीटवर थिअरी वेगळी, प्रॅक्टिकल वेगळं. तिथल्या ट्रान्सक्रिप्टवर कोर्सचं एक नाव, एक ग्रेड. माझं पान बघून एक्झाम सेलमधल्या काकांचा पहिला प्रश्न होता, "प्रॅक्टिकलचे मार्क कुठे आहेत?" ते त्याच ग्रेडमध्ये आहेत हे त्यांना पटवण्यात माझी तीन आठवड्यांची ये-जा झाली. जायच्या आधीच एक तक्ता करा: डावीकडे आपला पेपर आणि त्याचं प्रॅक्टिकल, उजवीकडे तिथला कोर्स आणि त्यातले लॅबचे तास. त्यावर एचओडींची सही, कॉलेजचा शिक्का. "सर हो म्हणाले होते" याला परत आल्यावर काडीची किंमत नसते, विशेषतः सरच बदलले असतील तर.

पोचल्यावर कोर्स रद्द झाला तर

होतं असं. मुलं कमी आली की कोर्स बंद करतात. म्हणून जाताना चारांसोबत तीन राखीव कोर्सही त्या तक्त्यात घालून सही घेतलेली असावी. तेही नसेल तर बदलायची मुदत सहसा पहिल्या काही आठवड्यांचीच असते, तेव्हा संकोच सोडा. प्राध्यापकांना थेट ईमेल करा, आधी काय शिकलात ते चार ओळींत लिहा, सिलॅबस जोडा. आणि त्याच दिवशी इथल्या विभागालाही ईमेल टाका. फोन करू नका, लेखी उत्तर हवंय.

भाषेचंही थोडक्यात: कोर्स इंग्रजीत असला तरी ट्युटोरियल किंवा लॅबचं मॅन्युअल जर्मन किंवा फ्रेंचमध्ये असू शकतं. विचारून घ्या.

ग्रेड बघून घरी रडारड

जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे जेमतेम पास. फ्रान्समध्ये वीसपैकी १० ला पास. डेन्मार्कमध्ये सर्वांत वरची ग्रेड १२ आणि सर्वांत खालची चक्क उणे ३. आमच्या ग्रुपमधल्या एकीच्या आईने १.३ बघून दोन दिवस तिच्याशी धड बोलणं टाकलं होतं. घरच्यांचं सोडा, समजावता येतं. पण कॉलेज या ग्रेड आपल्या दहाच्या पट्टीवर कशा बसवणार, की नुसतं पास-नापास धरणार, हे आधी विचारून ठेवा. नुसतं पास धरणार असतील तर अवघड पण आवडता कोर्स बिनधास्त घ्या. ग्रेड मोजणार असतील तर तसा कोर्स एकच.

ट्रान्सक्रिप्टचं एक राहिलं. स्वीडनमध्ये मला ते पीडीएफ म्हणून मिळालं, खाली पडताळणीचा कोड. मी रंगीत प्रिंट काढून दिली. काकांनी ती उजेडात धरली, उलटून पाहिली आणि विचारलं, "गोल शिक्का कुठाय?" शेवटी तिथल्या इंटरनॅशनल ऑफिसला विनंती करून सही-शिक्क्याचं पत्र टपालाने मागवलं. तुम्ही तिथून परत निघायच्या आदल्या आठवड्यातच ते हातात घ्या, दोन प्रती.