महाविद्यालयात बेसबॉल शिकवायचा असेल तर

महाविद्यालयात बेसबॉल कोच या नावाची नोकरी आपल्याकडे निघत नाही. जाहिरात येते ती शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालक या पदाची, आणि त्या एका माणसाने कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळं बघायचं असतं. बेसबॉल त्यात स्वतःच्या ओढीने जपायचा. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांत पिचिंग (बॅटरकडे चेंडू टाकणं) शिकवणारा वेगळा, बॅटिंग शिकवणारा वेगळा आणि क्रीडा विभागाचा कारभार पाहणारा आणखी वेगळा. आपल्याकडे ही सगळी कामं एकाच टेबलावर येतात. बावीस वर्षं मी त्या टेबलामागे आहे. या वाटेने येऊ पाहणाऱ्या मुलामुलींचे फोन येतात, त्यांना तुकड्यातुकड्याने जे सांगतो ते इथे एकत्र लिहितोय.

आधी पात्रतेचं उरकून घेऊ. पदवीनंतर दोन वर्षं बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी), मग दोन वर्षं एम.पी.एड. (त्यातली पदव्युत्तर पदवी). बी.पी.एड.च्या सीईटीला, म्हणजे प्रवेश परीक्षेला, लेखी पेपरबरोबर मैदानी चाचणीही असते. पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के हवेत आणि सोबत नेट किंवा सेट, या प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षा. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट पुणे विद्यापीठ घेतं. एवढ्यावर भागत नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे स्वतः स्पर्धांत खेळल्याचा पुरावा लागतो आणि शारीरिक क्षमतेची चाचणी द्यावी लागते. तिशीपर्यंतच्या पुरुषांना १२ मिनिटांत १८०० मीटर, महिलांना ८ मिनिटांत १००० मीटर. अंतर फार नाही, पण नेटच्या अभ्यासासाठी दोन वर्षं खुर्चीत बसलेली मुलं तिथे धापा टाकताना मी पाहिली आहेत. पळणं सोडू नका.

कायम जागा लवकर निघत नाहीत. मधली वर्षं मानधनावर, शाळेत, क्लबात काढावी लागतात. मी त्या काळात एका शाळेच्या मुलींना सॉफ्टबॉल शिकवत होतो. धाव काढताना ज्या चार थांब्यांना शिवत पळायचं ते बेस; सॉफ्टबॉलमध्ये ते एकमेकांपासून ६० फुटांवर, बेसबॉलमध्ये ९० फुटांवर. पिचिंग खालून आणि वरून, एवढा फरक सोडला तर खेळाची अक्कल एकच. आजही माझ्या संघात येणारी निम्मी मुलं शालेय सॉफ्टबॉलमधूनच येतात. तेव्हा तालुक्यातल्या क्रीडाशिक्षकांशी घरोबा ठेवा.

आता मैदान. बहुतेक महाविद्यालयांत एकच मैदान असतं आणि त्याच्या मधोमध क्रिकेटची खेळपट्टी. ती सोडून एका कोपऱ्यात होम प्लेट (बॅटर उभा राहतो ती जागा) ठरवायची, संध्याकाळचं ऊन बॅटरच्या डोळ्यांवर येणार नाही अशी. तिथून मैदानाच्या आतल्या बाजूला टेप ताणून १२७ फूट ३ इंचांवर खुंटी ठोकायची, तो सेकंड बेस. मग ९० फुटांच्या दोन दोऱ्या घ्यायच्या, एक होमच्या खुंटीला, दुसरी सेकंडच्या. दोन्ही उजवीकडे ताणल्या की जिथे टोकं जुळतात तिथे फर्स्ट. डावीकडे तसंच केलं की थर्ड. पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याची, पट्टी होमपासून ६० फूट ६ इंचांवर. सगळं जुळलं की फक्की मारायची. नायलॉनची दोरी घेऊ नका, ती ताणली की लांबते आणि चौकोन तिरका होतो. पहिल्या वर्षी हे काम शिपायावर सोपवू नका, स्वतः करा, मुलांना सोबत घेऊन करा. ज्याने सुतळी धरून चौकोन आखलाय त्याला कुठून कुठे किती फेक लागते हे सांगावं लागत नाही.

पिचरचा मातीचा उंचवटा १० इंचांचा असतो. क्रिकेटवाले तो मैदानात राहू देत नाहीत, आणि त्यांचंही बरोबर आहे. मी सुताराकडून उतरता लाकडी पाट करून घेतला आणि त्यावर जुनी मॅट ठोकली. नुसत्या सपाट जमिनीवर सराव केलेला पिचर स्पर्धेत खऱ्या उंचवट्यावर चढला की पहिली इनिंग, म्हणजे पहिली पाळी, चेंडू भलतीकडेच टाकतो.

मुलं कुठून आणायची, हा प्रश्न सगळे विचारतात. क्रिकेटच्या मुलांचा खांदा तयार असतो, नजरही असते. पण लेट कट आणि फ्लिकची सवय इथे फाउल ठरते (चेंडू रेषेबाहेर जातो), आणि फटका मारल्यावर बॅट टाकून पळायचं हे त्यांच्या अंगवळणी पडायला महिना जातो. ग्लव्ह घातलेला असूनही मोकळा हात पुढे करतात, बोटं दुखावून घेतात. म्हणून पहिला महिना मी बॅट बाहेर काढतच नाही, फक्त पकड आणि फेक. खरी माणसं मला खो-खोत सापडली. खांबापाशी सूर मारणारा गडी बेसवर स्लाइड करायला (घसरत पोचायला) दोन दिवसांत शिकतो आणि पिचरचा खांदा हलला की सुटतो. खो-खोच्या सरावाला जाऊन उभे राहा.

एक चूक सांगतो, कारण ती तुमच्याकडून होऊ नये. नोकरीच्या चौथ्या वर्षी आमच्या संघात एक फार चांगला पिचर होता. शेतकऱ्याचा मुलगा, लांब हातांचा, शांत. तीन दिवसांत तीन सामने आले आणि तिन्ही त्यालाच टाकायला लावले. तिसऱ्या दिवशी पाचव्या इनिंगमध्ये तो दर चेंडूनंतर हात झटकत होता. इनिंग संपल्यावर जवळ येऊन म्हणाला, "सर, कोपर जड वाटतंय." मी म्हणालो, "अजून दोन इनिंग काढ, मग बघू." आम्ही जिंकलो. दुसऱ्या दिवशी सकाळी वसतिगृहाच्या नळावर तो डाव्या हाताने बादली उचलत होता, उजवा हात सरळ होत नव्हता. पुढे तो फर्स्ट बेसवर खेळला, पण पिचर म्हणून पुन्हा उभा राहिला नाही. त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही, त्याच्या घरच्यांनीही नाही.

तेव्हापासून माझ्या खिशात वही असते आणि प्रत्येक चेंडूला एक रेघ पडते. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलने तरुण पिचरांसाठी जी मार्गदर्शक मर्यादा घालून दिली आहे ती मी पाळतो: १७-१८ वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त १०५ चेंडू, १९ ते २२ वयाच्याला १२०. सतरा-अठराच्या मुलाने ८० च्या वर टाकले तर पुढे चार दिवस विश्रांती. आपल्या स्पर्धेत रोज सामना असतो, मग चार दिवस आणायचे कुठून? उत्तर एकच, संघात चार पिचर हवेत.

चार पिचर न्यायचे हे मैदानावर ठरत नाही. ते प्रवेशिका भरताना ठरतं, आणि तिथे तुमच्यातला कोच आणि कारभारी एकच माणूस असतो. जुलै-ऑगस्टमध्ये जिमखाना समितीपुढे अंदाजपत्रक जातं. तेव्हा दुसरा कॅचर किट (बॅटरमागे चेंडू झेलणाऱ्याचं संरक्षक साहित्य) मागितला नाही, तर चार पिचर एकाच कॅचरसमोर रांगेत उभे राहतात आणि दोघांचा सराव बुडतो. तेव्हा मुलींच्या संघासोबत जाणाऱ्या मॅडमचा प्रवासखर्च धरला नाही, तर ऐनवेळी संघ घरी बसतो. पात्रता अर्जातलं नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसंच्या तसं हवं. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी वय १७ ते २५ मधलं हवं. हे मी खेळाडूला विचारून भरत नाही, कागद समोर ठेवून भरतो. आगाऊ रकमेचा हिशेब परतल्यावर आठवड्यात द्या, सगळ्या पावत्यांसह. ज्याचा हिशेब चोख असतो त्याला लेखापाल पुढच्या वेळी अडवत नाहीत. नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) अहवालात खेळातल्या पदकांचा रकाना असतो, तो भरायला प्राचार्य तुम्हालाच बोलावतात. त्या दिवशी हेल्मेट आणि ग्लव्ह मागून घ्या. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही, पदक मुलांनीच आणलेलं असतं.

जे अजून शिकताहेत त्यांनी यंदाच्या हंगामात एवढं करावं: जवळपास जी स्पर्धा असेल तिथे जाऊन गुणलेखकाच्या शेजारी बसावं. वहीत प्रत्येक जागेला आकडा असतो: पिचर १, कॅचर २, फर्स्ट ३, सेकंड ४, थर्ड ५, शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्डच्या मधला) ६, मग लेफ्ट, सेंटर, राइट हे ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने उचललेला चेंडू सेकंडकडे, तिथून फर्स्टकडे गेला आणि दोन गडी बाद झाले की वहीत ६-४-३. स्ट्राइक म्हणजे बॅटरला न साधलेला चेंडू; बॅट न फिरवता तिसरा स्ट्राइक होऊन तो बाद झाला की इंग्रजी के (K) उलटा लिहायचा. दहा सामने असे लिहून झाले, की कोणाची फेक उशिरा येते आणि कोणता पिचर सातव्या इनिंगला थकतो, हे वहीवरूनच दिसायला लागतं. ती वही घेऊन मुलाखतीला या. आमच्याकडे पॅनेलवर बसलो तर मी प्रमाणपत्रांच्या आधी तीच बघायला मागतो.