इंग्रजी वाक्प्रचार स्पॅनिशमध्ये नेताना

शब्द नेऊ नका, अर्थ न्या. वाक्प्रचाराचा अर्थ आधी साध्या शब्दांत लिहून काढा, मग त्या अर्थाचं स्पॅनिश रूप शोधा. ‘पुलिंग माय लेग’ म्हणजे थट्टा करणं. स्पॅनिशमध्ये तिथे पाय नाही, केस येतात: ‘तोमार एल पेलो’, म्हणजे शब्दशः ‘केस घेणं’. रेआल अकादेमिया या स्पॅनिश भाषेच्या अधिकृत संस्थेच्या मोफत ऑनलाइन कोशात असे वाक्प्रचार सहसा त्यातल्या नामाखाली दिलेले असतात, म्हणून ‘तोमार’ऐवजी थेट ‘पेलो’ उघडा.

पण खरी फजिती होते ती अगदी साध्या वाक्यांत. ‘आय ॲम हॉट’चं शब्दशः ‘एस्तॉय कालियेन्ते’ केलंत, तर ऐकणारा त्याचा अर्थ कामोत्तेजित असाच घेईल. उकडत असेल तर ‘तेंगो कालोर’ म्हणा. भूक, तहान, झोप, भीती, वय या सगळ्यांना ‘असणं’ नव्हे, ‘जवळ असणं’ दाखवणारं ‘तेनेर’ क्रियापद लागतं: ‘तेंगो आम्ब्रे’ (मला भूक लागलीय), ‘तेंगो २० आन्योस’ (माझं वय २० आहे). ‘खूप’ म्हणायचं तर इथे ‘मुय’ चालत नाही, ‘मुचो’ लागतं, कारण पुढे विशेषण नाही, नाम आहे. त्या नामाचं लिंगही पाहावं लागतं: ‘मुचा आम्ब्रे’, पण ‘मुचो कालोर’.

कोणत्या देशासाठी लिहिताय तेही आधीच ठरवा. बस पकडायला स्पेनमध्ये सर्रास ‘कोखेर’ म्हणतात. मेक्सिको आणि अर्जेंटिनात तो अश्लील शब्द ठरतो. ‘तोमार’ मात्र सगळीकडे बिनधास्त वापरा.