स्वच्छ ऊर्जेकडे वळताना या चुका टाळा: मेगावॉट मोजण्याआधी वेळ आणि जागा बघा

सोलर पॅनेल आणि लिथियम बॅटरी या दोन्हींच्या किमती २०१० नंतरच्या दशकात सुमारे ९० टक्क्यांनी उतरल्या. स्वच्छ वीज महाग पडते ही जुनी तक्रार आता बहुतेक ठिकाणी टिकत नाही. तरीही प्रकल्प रखडतात, तयार झालेली वीज वाया जाते, लोक नाराज होतात. यात यंत्रांचा दोष क्वचित असतो. वीज किती हवी एवढं ठरवलं जातं. ती कधी हवी आणि कुठे हवी हा विचार मागे पडतो. बहुतेक चुकांचं मूळ तिथे आहे.

मेगावॉट म्हणजे युनिट नव्हेत

मेगावॉट म्हणजे प्रकल्पाची क्षमता, युनिट म्हणजे प्रत्यक्ष हाती येणारी वीज. १०० मेगावॉटचा प्रकल्प वर्षभर अहोरात्र पूर्ण क्षमतेने चालला, तर ८७.६ कोटी युनिट मिळतील. सौर प्रकल्प तसा चालणं शक्य नाही. रात्र, ढग आणि सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन धरून तो २० टक्क्यांच्या आसपास चालला, तर हातात साडेसतरा कोटी युनिट येतात. तेवढ्याच क्षमतेचं कोळशाचं केंद्र ७० टक्के चाललं तर ६१ कोटी. म्हणजे नुसत्या युनिटांची बरोबरी करायलाच साडेतीन पट सौर क्षमता लागते, आणि तरी रात्रीचा प्रश्न उरतोच. म्हणून कुठल्याही योजनेबद्दल दोन गोष्टी विचाराव्यात: वर्षाला युनिट किती, आणि सूर्य मावळल्यावर त्यातले किती?

उलट दिशेची चूकही तितकीच होते. आज जेवढं इंधन जाळतो तेवढीच ऊर्जा उद्या स्वच्छ मार्गाने लागेल, असं गृहीत धरून लोक हताश होतात. पेट्रोलच्या गाडीत इंधनातली जेमतेम २० ते ३० टक्के ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचते, बाकीची उष्णता होऊन उडून जाते. विजेच्या गाडीत हे प्रमाण कितीतरी चांगलं असतं. घर किंवा पाणी तापवणारा उष्णता-पंप एक युनिट वीज घेऊन साधारण तीन युनिट उष्णता देतो, कारण तो उष्णता तयार करत नाही, बाहेरून आत आणतो. या बदलातली सगळ्यात मोठी संधी मला इथे दिसते.

दुपारी उतू जाते, संध्याकाळी पुरत नाही

कॅलिफोर्नियाच्या ग्रिड (वीज वाहून नेणारं जाळं) चालकांनी २०१३ मध्ये एक आलेख मांडला. दुपारी सौर विजेमुळे इतर केंद्रांवरचा भार खोल खाली जातो आणि सूर्य कलला की दोन-तीन तासांत उभा चढतो. बदकाच्या आकारामुळे हा आलेख जगभर ओळखला जातो. तिथे २०२४ मध्ये बॅटऱ्यांची क्षमता १०,००० मेगावॉटच्या पुढे गेली आणि दुपारची वीज आता खरोखर संध्याकाळी वापरली जाते.

पण पहिला उपाय म्हणून बॅटरीकडे धावणं चूक आहे. सगळ्यात स्वस्त साठवण म्हणजे वापराची वेळ बदलणं. पाण्याचे पंप, गीझर, शीतगृहं, गाड्यांचं चार्जिंग यातलं बरंच काही दुपारी हलवता येतं. त्यासाठी वेळेनुसार वेगळे दर हवेत आणि तशी नोंद घेणारे मीटर हवेत. काही पॅनेल पश्चिमेकडे तोंड करून लावली, तर एकूण युनिट थोडे घटतात, पण संध्याकाळी हाताशी येतात. एवढं करून जे कमी पडेल त्यासाठी बॅटरी.

बॅटरी घेतानाही आकडा नीट वाचावा. दक्षिण ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये उभी राहिलेली हॉर्न्सडेलची बॅटरी सुरुवातीला १०० मेगावॉटची होती, पण तिची साठवण १२९ मेगावॉट-तास (एक मेगावॉट-तास म्हणजे हजार युनिट). पूर्ण ताकदीने वापरली तर ती सव्वा तासाच्या आसपास संपते. क्षणात होणारे चढउतार सावरायला ती उत्तम होती. रात्र काढायला वेगळी साठवण लागते, आणि तिथे दोन जलाशयांमध्ये पाणी चढवून-उतरवून वीज साठवण्याची जुनी पद्धत अजूनही मोठी कामगिरी बजावते.

ग्रिडचं काम शेवटी ठेवणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२३ च्या अहवालात सांगितलं की जगभरात किमान ३,००० गिगावॉटचे (एक गिगावॉट म्हणजे हजार मेगावॉट) अक्षय ऊर्जेचे प्रकल्प ग्रिडच्या जोडणीसाठी रांगेत आहेत. सौर किंवा पवन प्रकल्प एक ते पाच वर्षांत उभा राहतो, पण नवी पारेषण वाहिनी (वीज दूरवर नेणारी उच्च दाबाची तार) आखणी आणि मंजुरीपासून चालू होईपर्यंत पाच ते पंधरा वर्षं खाते. दोन्ही कामं एकाच दिवशी सुरू केली तरी वाहिनी मागेच राहणार.

चीनच्या गान्सू प्रांतात २०१६ मध्ये पवनचक्क्यांची सुमारे ४३ टक्के वीज वापराविना सोडून द्यावी लागली. वारा होता, चक्क्या होत्या, पण वीज दूरच्या शहरांपर्यंत न्यायला पुरेशा वाहिन्या नव्हत्या आणि स्थानिक कोळसा केंद्रं आपली वीज कमी करत नव्हती. टेक्सासने उलटा क्रम लावला. वारा कुठे चांगला आहे ते आधी ठरवलं, तिथपर्यंत ३,६०० मैलांच्या आसपास वाहिन्या टाकल्या, २०१४ च्या सुरुवातीला ते काम संपवलं, आणि पवनचक्क्या त्यामागून आल्या. एरवी स्वच्छ ऊर्जेचा झेंडा न मिरवणाऱ्या राज्याने हे केलं, म्हणून मला ते उदाहरण फार मोलाचं वाटतं.

छतावरच्या सोलरच्या नेहमीच्या तक्रारी

‘लख्ख ऊन असताना इन्व्हर्टर बंद पडतो.’ इन्व्हर्टर म्हणजे इथे पॅनेलची वीज घरात आणि ग्रिडवर वापरण्याजोगी करणारं यंत्र. आधी त्याच्या ॲपमधल्या नोंदी उघडा. ट्रिप होण्याच्या वेळा दुपारच्या असतील, आणि सुट्टीच्या दिवशी प्रकार वाढत असेल, तर बहुधा व्होल्टेज वाढतंय. आसपासच्या सगळ्या छतांवरून वीज एकाच ट्रान्सफॉर्मरकडे ढकलली जाते, वापर कमी असतो, व्होल्टेज मर्यादेबाहेर जातं आणि इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. इन्व्हर्टर ते मीटर ही केबल बारीक किंवा फार लांब असेल तर त्रास आणखी वाढतो. ती तपासून घ्या आणि वीज कंपनीकडे ट्रान्सफॉर्मरची टॅप (त्यातून बाहेर पडणारं व्होल्टेज कमी-जास्त करण्याची सोय) तपासण्याची मागणी करा. इन्व्हर्टरची व्होल्टेज मर्यादा परस्पर वाढवून घेऊ नका. शेजाऱ्यांची उपकरणं त्यात जळू शकतात.

‘वीज गेली की सोलरही बंद.’ हा बिघाड नाही. ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर पुरवठा खंडित होताच मुद्दाम थांबतो, नाहीतर बंद समजून तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. वीज गेल्यावरही पुरवठा हवा असेल तर बॅटरी आणि हायब्रिड (बॅटरीवरही चालणारा) इन्व्हर्टर हवा, आणि ते खरेदीआधीच ठरवायला हवं.

नवी यंत्रं, जुन्या सेटिंग

२८ सप्टेंबर २०१६ ला दक्षिण ऑस्ट्रेलियात वादळाने पारेषणाचे मनोरे पाडले आणि जवळपास सगळं राज्य अंधारात गेलं. लगेच पवनऊर्जेला दोष दिला गेला. चौकशीत वेगळंच निघालं. व्होल्टेज लागोपाठ किती वेळा खाली गेल्यावर पवनचक्कीने वीज देणं कमी करावं याची मर्यादा तिच्या नियंत्रण प्रणालीत ठरवून ठेवलेली होती, आणि ग्रिड चालकाला ती ठाऊक नव्हती. सात सेकंदांच्या आत ४५६ मेगावॉट गेले, शेजारच्या राज्याशी जोडणारी वाहिनी अतिभाराने तुटली आणि सगळं कोसळलं. नंतर सेटिंग बदलल्या. त्याच राज्यात आता सुमारे ७० टक्के वीज वारा आणि सूर्यापासून येते. प्रत्येक नव्या प्रकल्पाच्या संरक्षण सेटिंग जोडणीआधी ग्रिड चालकाने मागून घ्याव्यात आणि चाचणीत तपासाव्यात. हे काम कंटाळवाणं असतं, म्हणून ते टाळलं जातं.

हायड्रोजनबद्दल थोडक्यात. विजेपासून हायड्रोजन आणि त्यापासून पुन्हा वीज केली, तर १०० युनिटांतले ३०-४० उरतात. पोलाद, खतं, लांबची जहाजं यांना पर्याय तुटपुंजे आहेत, तिथे तो वापरावा. जिथे तार पोहोचते तिथे नको.

माणसांना शेवटी कळवणं

ऑस्ट्रेलियातलं हेझलवूड हे १,६०० मेगावॉटचं कोळसा केंद्र बंद होणार हे नोव्हेंबर २०१६ मध्ये जाहीर झालं आणि मार्च २०१७ मध्ये ते बंदही झालं. पाच महिन्यांत शेकडो कामगारांनी नवं काम शोधायचं आणि विजेच्या बाजाराने नवा पुरवठा शोधायचा, हे कोणालाच जमण्यासारखं नव्हतं. बाजारातले घाऊक दर चढले. ब्रिटनने मात्र कोळसा सोडण्याचा इरादा २०१५ मध्येच जाहीर केला आणि रॅटक्लिफ-ऑन-सोर हे शेवटचं केंद्र ३० सप्टेंबर २०२४ ला बंद झालं. मधल्या नऊ वर्षांत प्रशिक्षण, बदल्या, निवृत्ती यांची आखणी करता आली. कोळशाच्या गावात मोठ्या क्षमतेची वाहिनी, सबस्टेशन, जमीन आणि वीज हाताळणारी कुशल माणसं आधीच असतात. नवी बॅटरी किंवा सौर प्रकल्प तिथेच बसवला तर जोडणीची रांगही टळते. हेझलवूडच्या जागेवर २०२३ मध्ये १५० मेगावॉटची बॅटरी सुरू झाली, जुन्याच ग्रिड जोडणीवर. आणि तिथल्या धक्क्यानंतर ऑस्ट्रेलियाने नियम केला की मोठं वीज केंद्र बंद करायचं असेल तर किमान तीन वर्षं आधी सांगायचं.