सासूबाईंना ‘बोलायच्या डॉक्टर’कडे नेताना

आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई. वय ८१. वाती वळण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. डोंबिवलीतल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला श्रावणात फुलवाती त्यांच्याच. दादा, म्हणजे माझे सासरे, गेल्यावर सातव्या महिन्यात माझ्या लक्षात आलं, वातींची बरणी रिकामी आहे आणि कापसाचा पुडा फोडलेलासुद्धा नाही. रडणं वगैरे काही नव्हतं. पोट साफ होत नाही, अंग मोडून येतं, एवढीच भुणभुण. उतारवयातली उदासी पुष्कळदा अशी अंगदुखीच्या वेषात येते हे मला तेव्हा कुठे ठाऊक! आमचे तीन महिने उलटसुलट फिरण्यात गेले, तुमचे जाऊ नयेत म्हणून लिहिते आहे.

सुरुवात फॅमिली डॉक्टरांपासूनच करा. थायरॉइड, बी-१२, सोडियम, साखर तपासून घ्या आणि चालू गोळ्यांची यादी नको, पिशवीच न्या. कानही बघा. आईंचा डावा कान जवळजवळ बंद होता, आणि आम्ही म्हणायचो, हल्ली फार तुटक वागतात.

पुढचा घोळ पाट्यांचा. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमडी वगैरे झालेले डॉक्टर, ते औषध देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत, बोलून उपचार करतात. त्यांची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे, म्हणजे आरसीआयकडे, असते. नंबर मागायला लाजू नका, आरसीआयच्या वेबसाइटवर तो पडताळता येतो. ‘काउन्सेलर’ ही पाटी मात्र कमी-जास्त शिकलेले सगळेच लावतात, तेव्हा शिक्षण काय ते विचारा. आमच्या बाजूला ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था १९९० पासून मानसिक आरोग्याचं काम करते आहे, चौकशीला तिथून सुरुवात करता येते.

अपॉइंटमेंट घेण्याआधी फोनवर चारच गोष्टी विचारा. सत्तरीपुढची माणसं तुमच्याकडे नेहमी येतात का? बोलणं मराठीतून होईल ना? लिफ्ट आणि जवळ बाथरूम आहे का? आणि सांभाळणाऱ्या माणसाशी तुम्ही वेगळं बोलता का? चौथ्या प्रश्नावर समोरचा माणूस कसा अडखळतो किंवा अडखळत नाही, त्यावरून मला बरंच कळलं.

आता आमची चूक. आम्ही आईंना ‘गुडघ्याच्या डॉक्टरकडे’ म्हणून नेलं. पाऊण तास त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. रिक्षात म्हणाल्या, “मला वेड लागलंय असं सरळ सांगायचं होतंस.” पुन्हा नेण्याआधी मी खरं सांगितलं: “आई, दादा गेल्यापासून तुम्ही गप्प झाल्यात. मला काळजी वाटते आणि माझ्याने एकटीने होत नाही. चारदा जाऊन बघू, नाही पटलं तर बंद.” ‘माझ्याने होत नाही’ हे त्यांना लागलं असावं. आल्या. काउन्सेलिंग, डिप्रेशन असले शब्द मी तोंडातूनही काढले नाहीत.

वेळ सकाळी अकराची घ्या, नाश्ता झालेला आणि दुपारची झोप लांब. कानातल्या मशीनचा जादा सेल आणि चष्मा पर्समध्ये.

पहिली दहा मिनिटं मला आत बसवलं होतं. सायकॉलॉजिस्ट मॅडम पस्तिशीच्या असतील. त्यांनी खुर्ची उचलून आईंच्या उजव्या कानाकडे नेली. मग पंधरा प्रश्न, उत्तर फक्त हो किंवा नाही. ही वृद्धांसाठीचीच उदासीची चाचणी आहे. त्यानंतर सहज विचारलं, “फुलवात आणि समईची वात, वळण्यात फरक काय हो?” आईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की बस्स! “एवढंही येत नाही?” बोटांना दुधाचा हात कसा लावायचा, कापूस कुठे चिमटायचा, हवेतच करून दाखवलं. मग मला बाहेर पाठवलं.

आत काय बोलणं झालं हे विचारायचं नाही. मी विचारलं, आणि मॅडमनी नम्रपणे नकार दिला. ते बरोबरच होतं. गोपनीयतेचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातच आहे. घरी करायचं काम तेवढं कळलं: चहानंतर पाच वाती, वळायच्याच, आणि कालनिर्णयवर फुली. मन लागलं की हात चालेल असं आपण धरून चालतो. इथे हात आधी चालवतात, मन मागून येतं. पहिला आठवडा फुल्या तीनच होत्या.

विसरभोळेपणा पुष्कळ वाढलेला असेल तर नुसत्या बोलण्याच्या उपचाराकडून फार अपेक्षा ठेवू नका. तिथे सल्ल्याची खरी गरज सांभाळणाऱ्याला असते. आणि ‘देवाने आता न्यावं’ हे आपल्याकडे म्हातारी माणसं उठता-बसता म्हणतात, तरी कानाआड करू नका, शांतपणे विचारा. जेवण तुटलं, गोळ्या साठवलेल्या दिसल्या, वस्तू वाटून टाकायला लागल्या, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्री-अपरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत. पेन्शन, छळ, आसरा अशा अडचणींसाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७.

माझी स्वतःची अपॉइंटमेंट मी सहा महिने टाळली. शेवटी एका सकाळी दुधाचं पातेलं आपटून आईंवर ओरडले, तेव्हा फोन केला. सांभाळणाऱ्यांसाठीही बावीस प्रश्नांची एक चाचणी आहे, झारिट नावाची. स्वतःसाठी वेळ उरतो का, या अर्थाच्या प्रश्नापाशी मी पेन खाली ठेवलं. वेळ वेगळी घ्या, शक्य तर माणूसही वेगळं घ्या. आईंच्याच बैठकीतली दहा मिनिटं उसनी घेऊन भागत नाही.

मला तिथून मिळालेली कामाची गोष्ट एकच, पण लाखमोलाची. नणंदेला ‘जरा मदत करत जा’ म्हणून पाच वर्षांत काही झालं नव्हतं. मॅडमनी वाक्य बदलून दिलं: “बुधवारी चार ते सहा तू आईंजवळ बसशील का?” ती येते. आई तिला वाती शिकवतात. तिच्या जाड होतात, ती गेली की आई त्या सोडवून पुन्हा वळतात.