कागदी कोलाज करून गोधडीचं डिझाइन ठरवता? या चुका टाळा

गेल्या फाल्गुनात बांधावरचा पळस फुलला तेव्हा मी त्याचं कोलाज केलं, लग्नपत्रिकांचा केशरी कागद आन् मागं नांगरलेल्या वावरासाठी तपकिरी, कागदावर इतकं झकास दिसत होतं की मी लगेच कपडा कापायला घेतला. गोधडी शिवून दोरीवर टाकली तं पळस गायब! चार हात लांबून नुसता एक मातकट चौकोन. दहा दिवसांची शिलाई होती ती.

गडबड कुठं झाली हे नंतर समजलं. पत्रिकेचा कागद चमकतो, त्या चमकीमुळं तो उजळ वाटतो, सुती कपडा तसा चमकत नाई. केशरी आन् तपकिरी हे रंग वेगळे होते पण दोघांचा गडदपणा सारखाच होता, अन् लांबून डोळ्याला आधी दिसतो तो गडद-फिक्याचा फरक. म्हणून आता कोलाज मांडलं की मोबाइलनं फोटो काढते आन् एडिटमधे जाऊन ब्लॅक अँड व्हाइट करते. आकार वेगवेगळे दिसले तं ठीक, सगळं एकाच राखाडीत मिसळलं तं एक रंग फिक्का नाईतर गडद करायचा, कागद बदलायला दोन मिनिटं लागतात. असाच फोटो कपड्याचे तुकडे मांडूनही काढा, कात्री लावायच्या आधी.

दुसरी चूक म्हणजे तुकडा कापला की लगेच चिकटवणं, आमच्या बचत गटातल्या बहुतेक जणी हेच करतात. मग पुढचे सगळे तुकडे त्या पहिल्याच्या धाकात बसतात. मातिस हा फ्रेंच चित्रकार, १९४० च्या दशकात रंगवलेले कागद कात्रीनं कापून चित्रं करायचा, तेव्हा त्याचे मदतनीस ते आकार भिंतीवर पिनांनी लावायचे, तो सांगेल तसे हलवायचे, चिकटवणं लय नंतर. आपणही ताटात किंवा पाटावर तुकडे मांडावे, पंखा बंद करावा, तीन-चार मांडण्या करून प्रत्येकीचा फोटो घ्यावा. चिकटवायचं तेव्हा ग्लू स्टिक वापरा, पातळ गोंदानं कागदाला लाटा येतात.

सगळं मांडलं तरी चित्र मेल्यासारखं वाटत असलं तं पुठ्ठ्याच्या काटकोनात कापलेल्या दोन पट्ट्या घ्या, त्यांची खिडकी करून कोलाजवर फिरवा, लहान-मोठी करत. पुष्कळदा खरं डिझाइन कोपऱ्यातल्या तळहाताएवढ्या जागेतच असते. तेवढंच घ्या, बाकीचं सोडून द्या, जीवावर आलं तरी.

मापाची चूक महागात पडते. समजा कोलाज ६ बाय ४ इंचाचं आहे आन् गोधडी ३६ बाय २४ ची करायची, म्हणजे सहापट. कागदावरची २ मिलिमीटरची नाजूक रेघ कपड्यात जवळपास अर्ध्या इंचाची पट्टी होते, दोन्ही बाजूंना पाव इंच शिलाईची माया (शिवणीत दबणारा जादा कपडा) धरली की कापायची १ इंच. उलट कागदावरची २ इंचाची मोकळी जागा कपड्यात १२ इंचाची होते अन् ओसाड दिसते, तिथं धावदोऱ्याचं काम पायजेच. ते आधी पाहायचं असलं तं साडीच्या पाकिटाचं पारदर्शक प्लास्टिक कोलाजवर ठेवा आन् मार्करनं टाक्यांच्या रेघा ओढून बघा.

कागद कसाही कापा, ताणत नाई. कपडा उरेब, म्हणजे धाग्याला तिरपा, कापला की ओढला जाते, म्हणून गोधडीच्या कडेला येणारी बाजू सरळ धाग्यातच ठेवा. आन् इस्त्रीनं चिकटणारी जाळी वापरत असाल तं तिच्या कागदावर आकार आरशात दिसतो तसा उलटा काढावा लागते. मी पोळ्याचा बैल केला तेव्हा हे विसरले, बैलाचं तोंड तोरणाकडे पायजे होतं तं शेपूट तिकडं आलं.

फाडलेल्या छापील कागदाची पांढरी किनार लय सुंदर दिसते, पण ती कपड्यात आपोआप येत नाई. हवी असली तं खाली पांढऱ्या कपड्याचा थोडा मोठा तुकडा लावावा लागते, हे आधीच ठरवा. अक्षरं आन् चेहरे असलेले कागद टाळा, नजर तिथंच अडकते. पत्रिकेवरचा गणपती आम्ही कापत नाई, तो आधीच वेगळा काढून ठेवतो.

कोलाज पक्कं झालं की मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवा कोणत्या कागदाच्या जागी कोणता कपडा येणार. माझ्या नव्या पळसाच्या मागं लिहिलंय: फुलं, मायच्या लुगड्याचा केशरी काठ, वावर, बाबांच्या जुन्या धोतराचा पांढरट तुकडा, चहाच्या पाण्यात बुडवून.